एका सीलबंद शॉकअब्सॉर्बरची कैफियत

मी एक जुना शॉकअब्सॉर्बर आहे. काय मित्रांनो, नाव घेताना जीभ अडखळली ना? गॅरेजवाले मला नुसतं ‘शॉक’ म्हणतात. चाक आणि गाडी यांच्या मधोमध माझी जागा, आणि पोटात तेल. खड्डा आला की मी दबतो, पण चाकाला उड्या मारू देत नाही, रस्त्याला धरून ठेवतो. कौतुक इंजिनाचं होतं आणि धक्के मी खातो. असो.

कारखान्यातून निघालो तो एका दादाच्या गॅरेजात आलो. त्याची धाकटी बहीण, ठिणगी, आठवडाभर औषधांच्या दुकानात उभी असायची आणि सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांच्या मोटारशर्यतीत गाडी पळवायची. दादाने मला तिच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापाशी बसवलं. पैसेवाल्यांनी महागडे शॉक लावून बाजी मारू नये, म्हणून आयोजकांचा नियम होता: सगळ्यांनी माझ्यासारखे स्वस्त, सीलबंद शॉकच वापरायचे; उघडून कुणी आत फेरफार करू नये म्हणून आमच्यावर आयोजकांचं सील असायचं. हंगामात मध्येच नवा बसवला, तर त्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुटायचं. नियम चांगलाच होता हो. त्याच्यामुळेच ठिणगीसारखी मुलगी शर्यतीत उतरू शकली.

त्या हंगामात तिने भल्याभल्यांना धूळ चारली. “वळणावर गाडी कशी चिकटून चालते बघ,” असं ती म्हणायची आणि माझी छाती फुगायची.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी माझ्या अंगावरून तेलाचा ओघळ आला. दादाने तो पाहिला. नवा शॉक फळीवर तयार होता. पण तो बसवला की ठिणगी सगळ्यात शेवटी, आणि ती तर आज पहिल्या रांगेत उभी राहणार म्हणून सकाळपासून हवेत होती. दादाने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने फडकं घेतलं आणि मला लख्ख पुसलं.

“दादा, सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. तू फक्त जिंकून ये.”

तपासनीस वाकला, माझं सील चाचपलं, “शाबूत आहे” म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने चाक धरून ठेवलं. पण पोटात तेलच नाही, तर ताकद कुठून आणू? उतारावरच्या वळणात चाक उड्या मारू लागलं आणि गाडी भिंतीवर गेली. ठिणगीचा उजवा पाय चिरडला. डॉक्टरांनी तो गुडघ्याच्या वर कापला.

पुष्कळ दिवसांनी ती कुबड्यांवर गॅरेजात आली. मी भंगाराच्या डब्यात वाकडा होऊन पडलो होतो. तिने मला उचललं आणि वाळलेलं तेल नखाने खरवडलं.

“हा आधीपासून गळत होता?”

दादाने हातातला पाना खाली ठेवला. “हो.”

“मग सांगायचंस ना रे. मी मागून सुटले असते.”

“तू हिरमुसली असतीस गं.”

“हो, हिरमुसले असते,” ती म्हणाली. “संध्याकाळपर्यंत.”

मित्रांनो, मला बोलता येत नाही. तेल गाळता आलं, तेवढं मी गाळलं. तुमच्या घरच्या गाडीच्या चाकापाशी असा ओघळ दिसला, तर फडकं शोधू नका. आधी गाडी चालवणाऱ्याला हाक मारा.