वहिनींच्या फेरीची गाडी

धाकट्याने गाडीचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मानेनेच खूण केली.

"बसा वहिनी. पडू देणार नाही."

वहिनींनी पायजम्याचे पाय मोज्यांत खोचले, सीटवर हात टेकला आणि उडी मारली. ती कमी पडली. दुसऱ्या उडीला त्या वर पोचल्या, पण बसल्या म्हणण्यापेक्षा टांगल्या गेल्या म्हणणं जास्त खरं. त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले.

"इथून दिसतं मात्र झकास," त्या म्हणाल्या. "आता उतरायचं कसं, भावजी?"

धाकट्याने गाडी तिरकी केली आणि एका हाताने त्यांचा पट्टी बांधलेला हात सांभाळत त्यांना खाली घेतलं. मग तो मागे सरून गाडीकडे बघत राहिला.

गाडी त्याच्या भावाची होती. गावात या दोघा भावांना कुणी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नसे. थोरला मोटरसायकलच्या मातीतल्या शर्यती मारायचा, आणि धाकटा त्याच्या गाड्या जुळवायचा. थोरला आजारपणात गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. धाकट्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो धाकटाच राहिला. भावाची शर्यतीची गाडी त्याने गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जपून ठेवली होती. रविवारी तो ती पुसायचा, थोडा वेळ चालू करायचा आणि बंद करायचा.

वहिनी गुरांच्या डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांमधून त्यांची रोजची फेरी असे, आणि त्या ती एका जुनाट स्कूटरवर करत. मागच्या पंधरवड्यात ओढ्यातल्या शेवाळावर स्कूटर घसरली. वहिनी मनगटावर पडल्या. औषधांची पेटी वाहत जाऊन झुडपाला अडकली. त्या दिवशी धाकट्याने स्कूटरची किल्ली खिशात टाकली ती टाकलीच. "बाजारात जायची गाडी आहे ही, डोंगरात नाही," एवढंच बोलला. मनात त्याने केव्हाच ठरवलं होतं. दादाची गाडी पडून आहे, ती वहिनींना द्यायची. शर्यतीच्या गाडीला दिवा नसतो, हॉर्न नसतो, साधं स्टँडही नसतं. त्याने ते सगळं बसवलं.

"सीट खाली घेतो," तो आता म्हणाला. "फोम कापतो. मागचा शॉक बदलतो. तीन-चार इंच सहज..."

"भावजी, ह्यांची गाडी आहे ती. माझ्यासाठी तिचे पाय कापू नका."

"मग काय, पुन्हा स्कूटर?"

"तसं कुठे म्हटलं?" वहिनी हसल्या. "एक दिवस माझ्याबरोबर फेरीला या. रोग्याला न बघता औषध देता होय तुम्ही?"

गॅरेजला लागूनच घर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धाकट्याच्या बायकोने डोकं बाहेर काढलं.

"जाच हो. आणि जाताना तो तेलकट शर्ट बदला."

"गुरांना काय करायचंय माझ्या शर्टाशी?"

"बदला म्हणते ना," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजची जुनी मोटरसायकल काढून धाकटा निघाला. मागे वहिनी, दोघांच्या मध्ये पेटी. मनगट बरं नसल्याने वहिनींना चालवता येत नव्हतं, पण तोंडाला काही झालेलं नव्हतं. "डावीकडे. इथे हळू, कोंबड्या असतात. फाटक उघडा. आता लावा. नीट लावा हो, मागच्या वेळी सगळी मेंढरं गावात आली होती."

पहिल्या घरी वासराला जुलाब होते. दुसऱ्या घरी गायीला इंजेक्शन द्यायचं होतं. तिथल्या म्हातारबुवांनी धाकट्याला खालून वर न्याहाळलं.

"हे कोण? नवीन कंपाउंडर?"

"माझे दीर आहेत."

"घरचेच आहेत ना? मग धरा शेपूट."

धाकट्याने शेपूट धरलं. बदललेल्या शर्टाचं सार्थक झालं.

दुपारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेलेलीच नाही. जरा वेग घ्यावा तर पुढे फाटक, नाहीतर बांध, नाहीतर रस्त्यात बसलेलं कुत्रं. अंगण एवढंसं, की गाडी वळवायची तर पाय टेकत, मागे-पुढे करत. मध्येच डांबरी रस्त्याचा तुकडा लागे आणि त्यावरून ट्रक अंगावर येत. मग पुन्हा सुट्या दगडांचा चढ. तिथे घाई केली की चाक जागच्या जागी फिरे आणि जीव मुठीत धरून हळू गेलं तर इंजिन दम सोडे. एका वस्तीवर घोडा बांधलेला होता. त्यांच्या मोटरसायकलच्या आवाजानेच तो दोन पायांवर उभा राहिला. दादाच्या गाडीचा आवाज ऐकून तो खुंटा उपटून पलीकडच्या डोंगरावर गेला असता.

दादाच्या गाडीत जोर यायचा तो इंजिन किंचाळायला लागल्यावर. वहिनींना जोर हवा होता माणसाच्या चालण्याच्या वेगाला. ती गाडी उडण्यासाठी होती, आणि इथे दिवसभरात उडावं अशी एकही जागा नव्हती. धाकट्याला हे कळलं तेव्हा तो एका बांधावर गाडी धरून उभा होता, आणि वहिनी खाली चिखलात गुडघे टेकून मेंढीचा खूर बघत होत्या. त्याला उगाचच वाईट वाटलं. कोणासाठी, ते काही सांगता आलं नसतं.

"आता शेवटचं घर," वहिनी वर येत म्हणाल्या. "तिथे तीन शेळ्या आहेत."

शेवटचं घर सगळ्यांत वर होतं. तिथे राहणारा माणूस कुऱ्हाडी-फावड्यांचे लाकडी दांडे बनवायचा. सगळे त्याला दांडेवाला म्हणत. साठीच्या आतबाहेरचा, किरकोळ, अंगभर भुसा. गाडीच्या आवाजाने तो फाटकापर्यंत आला होता. पुढे अनोळखी माणूस बघून थबकला, आणि हात एप्रनला पुसू लागला.

"हात कसा आहे?" त्याने आधी विचारलं. नमस्कार नंतर केला.

"बराय. हे माझे दीर."

"धाकटे," दांडेवाला म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं. पडवीत सावलीला एक खुर्ची, तिच्यावर उशी. वहिनी सरळ जाऊन तिच्यात बसल्या, जशा आपल्या घरातल्या खुर्चीत बसाव्यात. मग पेटी उघडली. शेळ्या आल्या. धाकट्याला शेळ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण या तिघी तेल लावून पुसल्यासारख्या चकाकत होत्या एवढं त्यालाही दिसत होतं.

"काय झालंय यांना?" त्याने विचारलं.

"ही पांढरी मागच्या आठवड्यात शिंकली," दांडेवाल्याने गंभीरपणे सांगितलं.

वहिनींनी तेवढ्याच गंभीरपणे पांढरीच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं.

"आता ठीक आहे. पण लक्ष ठेवायला हवं."

"म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा..."

"बघावं तर लागेलच."

पांढरी शेळी धाकट्याच्या शर्टाचं टोक चघळत शांत उभी होती. दांडेवाला चहा ओतता ओतता हळूच काहीतरी बोलला आणि वहिनी हसल्या. मोकळ्या, मान मागे टाकून. हे हसू धाकट्याच्या ओळखीचं होतं. दादा शर्यतीहून मातीने माखून यायचा, आरशात बघून स्वतःलाच घाबरल्याचं सोंग करायचा, तेव्हा वहिनी अशा हसायच्या. त्यानंतर ते त्याने ऐकलं नव्हतं. आपल्या घरातून हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या फळीवर नीट ठेवलेली दिसावी, तसं त्याला झालं.

तो कप खाली ठेवून बाहेर आला आणि गाडीजवळ बसून चेन तपासू लागला. चेन व्यवस्थित होती. त्याने ती पुन्हा तपासली.

थोड्या वेळाने भुशाने भरलेल्या चपला शेजारी येऊन थांबल्या.

"मी तुमच्या दादांना एकदा पाहिलं होतं," दांडेवाला म्हणाला. "शर्यतीत. टेकडीवरून वर उडाले, आणि मला वाटलं, हा माणूस आता खाली येतच नाही."

धाकट्याने चेन तिसऱ्यांदा तपासली.

"त्यांच्या गोष्टी सांगतात त्या. नेहमी. तुमच्याही. धाकटा नसता तर ह्यांची गाडी पहिल्या वळणाच्या पुढे गेली नसती, म्हणतात."

"पहिल्या वळणापर्यंतही नसती गेली," धाकटा म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुम्ही कधी खाली गावात येत नाही?"

"गाडी चालवता येत नाही मला. पायी अर्धा दिवस जातो." दांडेवाला वहिनींच्या खुर्चीच्या दिशेने बघत होता. "आणि कामाशिवाय कुणाकडे यायचं, असंही होतं."

धाकट्याने मान वर करून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

दोघं परतीच्या वाटेला लागले. ओढ्यापाशी वहिनींनी एकदा "भावजी..." म्हटलं. त्याने "दगड आहे पुढे, धरून बसा" म्हटलं. ते तेवढ्यावरच राहिलं.

घरी तो हात धूत असताना बायको टॉवेल घेऊन उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"म्हणून तर म्हटलं, शर्ट बदला."

"शर्ट शेळीने खाल्ला."

"खाऊ दे," बायको म्हणाली. टॉवेल देताना तिने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. "ताई एकट्या जेवतात हो. आपण रविवारी बोलावतो, पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो."

गाड्यांच्या दुकानाचा मालक एके काळी थोरल्याबरोबर शर्यतीत पळायचा. तोंडघशी पडून इतकी माती खाल्ली होती की त्याचं नाव ढेकूळ पडलं होतं. धाकट्याला बघून तो उठून आला आणि थेट लाल, उंच गाडीपाशी घेऊन गेला.

"एन्ड्युरो आहे. जंगलात दिवसभर पिदडा, हूं की चूं करणार नाही."

"उंच आहे. आणि वजन पेलायला तगडा माणूस पाहिजे. पुढची?"

"ती दोन्हीकडची. रस्त्यावर पळते, मातीतही जाते."

"पळायचंच नाहीये, ढेकळ्या. रस्ता दहा मिनिटांचा, बाकी सगळा डोंगर. जड गाडी आडवी झाली तर वहिनी उचलणार कशा? ती कोपऱ्यातली दाखव."

कोपऱ्यातली साधी ट्रेल बाइक होती. बुटकी, हलकी, हिरव्या रंगाची, दिसायला अगदीच गरीब. धाकट्याने ती बटणावर चालू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिच्या बाजूने चालत चालत दुकानाच्या मागच्या दगडगोट्यांवरून नेऊन आणली. इंजिन एकदाही अडखळलं नाही. आवाज शिवणयंत्रापेक्षा जरासा जास्त.

"तू हळू गाडी निवडतोयस!" ढेकूळ म्हणाला. "थोरला असता तर..."

"असता तर त्यानेही हीच घेतली असती. वहिनींसाठी."

"बरं बाबा. मागची सीट काढून लांब कॅरिअर देतो. डॉक्टर लोक तेच नेतात."

धाकटा सीटवरून हात फिरवत होता.

"सीट राहू दे," तो म्हणाला. "पेटी मी बाजूला लावीन."

गाडी गॅरेजमध्ये आली आणि त्याने आणखी थोडे दिवस आपल्याकडेच ठेवून घेतली. वहिनींच्या मनगटाची पट्टी सुटली त्या सकाळी त्याने ती अंगणात आणून उभी केली. वहिनी बसल्या. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली, सफाईने वळल्या आणि त्याच्यासमोर येऊन थांबल्या. चेहरा फुलला होता.

"एवढी सोपी असते होय गाडी?" मग त्या सीटवर जरा दाब देऊन बघू लागल्या. "मागून जरा कडक वाटते का हो?"

"आहे. स्प्रिंग घट्ट केलीय." धाकटा पान्हा पुसत होता. "मागे साठ-पासष्ट किलो बसलं की बरोबर होईल."

"माझी पेटी दहा किलोची आहे."

"पेटी बाजूला आहे."

वहिनींनी मागे वळून बघितलं. मागची सीट, तिच्या खाली दोन्ही बाजूंना पाय ठेवायला नवे दांडे, आणि धरायला कडी. त्या पुढे वळल्या आणि हातमोज्याची बोटं एकेक करून ओढून बसवू लागल्या. ती आधीच नीट बसलेली होती.

"भावजी..."

"चढावर मागच्याला पुढे झुकायला सांगा," धाकटा पान्ह्याकडे बघतच म्हणाला. "नाहीतर पुढचं चाक उचलतं. उताराला तुम्हाला नाही, कडीला धरायला सांगा. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं आपणच गाडी चालवतोय, मग नको तिकडे कलतो. आणि घाई नाही. सावकाश आणा."

वहिनींनी हात पुढे करून त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला, बाजूच्या कट्ट्यावर ठेवला, आणि हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा शाळेतून आलेल्या दिराच्या डोक्यावर ठेवायच्या तसाच.

"शाम्पू लावत जा जरा. ग्रीस आहे नुसतं," त्या म्हणाल्या.

खिडकी उघडली.

"ताई, रविवारी ताटं किती मांडू, तेवढं सांगून जा!"

वहिनींनी झटकन हेल्मेटची काच खाली ओढली. बटण दाबलं, गाडी अलगद निघाली आणि फाटकापर्यंत गेली. तिथे वळायच्या आधी, मागे न बघता, त्यांनी डावा हात उंच केला. चार बोटं ताठ, अंगठा आत मुडपलेला.

"दोन्ही हातांनी चालवा!" धाकटा जिवाच्या आकांताने ओरडला.