अर्ध्या किमतीची रेंज

मी एक जुना फोन आहे, पण स्वतंत्र आहे. माझ्यावर कोणत्याही कंपनीची सत्ता चालत नाही. कोणतंही सिम मी आनंदानं पोटात घेतो आणि कोणापुढेही मान तुकवत नाही. मित्रांनो, हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. अडचण एवढीच, की माझी बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, त्यामुळे हे स्वातंत्र्य मी चार्जरच्या वायरीला बांधलेल्या अवस्थेत भोगतो. भिंतीपलीकडे गोठ्यात बैल बांधलेले आहेत. त्यांची दोरी माझ्या वायरीपेक्षा लांब आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या एका कंपनीनं मला गिऱ्हाइकाला स्वस्तात दिलं आणि त्या बदल्यात कुलूप घातलं. सिम फक्त त्यांचंच चालणार, दुसरं नाही. एका अनोळखी माणसाच्या खिशात मी ही गुलामगिरी काढली. त्यानं नवा फोन घेतल्यावर मी माझ्यासारख्याच टाकलेल्या भावंडांबरोबर खोक्यात बसून मुंबईच्या बाजारात आलो. तिथं एकानं मला वायर जोडली आणि समोरचा चहा निवायच्या आत माझं कुलूप काढलं. मी इतकी वर्षं ज्या बेड्यांचं दुःख करत होतो, त्या तोडायला त्याला खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही.

पुढे मी जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीला आलो. हमरस्त्याला लागून, टायरवाला आणि रसवंती यांच्या मधे, धम्मपालचं मोबाईलचं दुकान आहे. ते माझे वैभवाचे दिवस. टॉवर समोरच होता. धम्मपाल गिऱ्हाइकापुढे स्पीड मोजायचं ॲप लावायचा, काटा सर्रकन वर जायचा आणि बघणारे मान डोलवायचे. मला वाटायचं, ही माझीच कर्तबगारी. टॉवरच्या पायथ्याशी कोणताही फोन हुशारच असतो, हे मला फार उशिरा कळलं.

तिथंच एके दिवशी कारभारी नावाचे एक शेतकरी आले. सोबत त्यांचे शेजारी तातेराव. अंकुशनगरच्या मागच्या अंगाला कारभारींचं थोडं रान आहे, रानात ऊस आहे आणि उसाच्या मधोमध वस्ती. बैलबाजारात त्यांच्या शब्दाला वजन. बैलाचे दात बघून वय, खूर बघून चाल आणि विकणाऱ्याचं तोंड बघून बैलाची खोड सांगायचे.

त्यांना फोन हवा होता तो लेकीसाठी, आणि लेकीपेक्षा बायकोसाठी. लेक वंदना जन्मापासून बहिरी. तिला कुठल्या शाळेत खुणांची भाषा कोणी शिकवली नव्हती. ती आणि तिची आई द्वारकाबाई, दोघींनी चुलीपुढे बसून आपली भाषा आपणच घडवली. मिशीवरून बोट फिरवलं की बाप. नाकातल्या फुलीला बोट लावलं की आई. एक मूठ उभी धरून दुसऱ्या हातानं धूर सोडला की अंकुशनगर, कारण कारखान्याची चिमणी. या भाषेत त्या भांडायच्या, सोयऱ्यांची नक्कल करायच्या आणि मधेच दोघी एकदम हसत सुटायच्या. कारभारींना यातलं जेव, पाणी, ये आणि थांब इतकंच येत होतं. बाकी ते बायकोला विचारायचे, "काय म्हणती?" ती सांगायची. घरात दुभाषी असल्यावर भाषा शिकतो कोण?

मग वंदनाचं लग्न झालं आणि ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भोकरदनच्याही पुढे, पिंपळगाव रेणुकाईला गेली. जावई भागवत ऐकता-बोलता आणि भला माणूस. पण माय-लेकींची भेट दिवाळीला आणि आखितीला, बास. घरातला बटणाचा फोन त्यांच्या काय कामाचा? त्यात आवाज होता, हात नव्हते.

म्हणून व्हिडिओचा फोन. धम्मपालनं काउंटरवर दोन ठेवले. एक मी. दुसरा कोरा करकरीत फाइव्ह जी, किंमत माझ्या दुप्पट. धम्मपाल दुकानदार असूनही खरं बोलला. मी परदेशातला असल्यामुळे आपल्याकडची एक पट्टी, म्हणजे बँड, मला धरता येत नाही, आणि लांबच्या टॉवरची रेंज घरात घुसते ती नेमकी त्या पट्टीनं, असं त्यानं नीट समजावलं. नवा फोन सगळं पकडतो म्हणाला.

कारभारींनी मला उलटापालटा करून बघितलं. मला दात असते तर तेही बघितले असते.

"वस्तीवर फाइव्ह जी आलंय का?"

"आजून न्हाई, काका. येईल."

"मंग हिरीला पाणी न्हाई अन् दहा हॉर्सपावरची मोटर कशाला बसवू?"

रसवंतीवाला हसला. तातेरावांनी मांडीवर थाप मारली. मीही मनातून खूश झालो, कारण त्या वाक्यानं नव्या फोनचं तोंड काळं पडलं होतं. तसं त्याचं तोंड काळंच होतं, बंद होता तो.

तरीही कारभारींनी मला डोळे झाकून घेतलं नाही. बैल जसा बोलीवर घेतात तसं घेतलं. अर्धे पैसे आज, चार दिवस औताला धरून बघणार, लंगडला तर परत. धम्मपालनं आयुष्यात असा सौदा केला नव्हता, पण कारभारींपुढे त्याचं काही चाललं नाही.

मग माझी परीक्षा झाली. तातेराव पंच. कारभारी मला घेऊन विहिरीवर गेले, बांधावर गेले, गोठ्यात गेले, चुलीपुढे पत्र्याखाली उभे राहिले. जागोजाग काटा वर. ते दिवस माघाचे होते. ऊस नुकताच कारखान्याला गेला होता आणि रान भादरल्यासारखं मोकळं होतं. वस्तीवरून हमरस्त्यावरचे ट्रक दिसत होते. टॉवर तर असा दिसत होता, की हाक मारली तर ओ देईल. बैलाची चाल बघायची तर त्याला ओझं लावून बघतात, हे कारभारींना कुणी शिकवायची गरज नव्हती. माझी चाल त्यांनी रिकाम्या रानात बघितली.

"खणखणीत हाय," तातेराव म्हणाले. राहिलेले पैसे धम्मपालला पोचले.

पहिला कॉल मी कधीच विसरणार नाही. द्वारकाबाईंनी मला पिठाच्या डब्याला टेकवलं, पदरानं माझी काच पुसली आणि समोर वंदना उमटली. आधी दोघींचे हात मांडीवरच राहिले. मग वंदनानं नाकाच्या फुलीला बोट लावलं, आणि पुढे असे काही चार हात सुरू झाले, की मागे बसलेले कारभारी "काय म्हणती? काय म्हणती?" असं तीनदा विचारून थकले. चौथ्यांदा द्वारकाबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाचं न्हाई."

उन्हाळाभर रोज तिसऱ्या प्रहरी त्या डब्यापुढे बसायच्या. मला कोणी शिकवलं नाही, पण समोर चाललेलं दिसत होतं. हळूहळू मला त्यांची भाषा समजायला लागली. वंदनाला दिवस गेले ते मला कारभारींच्या आधी कळलं.

आणि ऊस वाढत होता.

मित्रांनो, ऊस दुष्ट नसतो. त्याला वाढायला लावलेलं असतं, तो वाढतो. आषाढात तो कंबरेला आला आणि चुलीपुढचं चित्र अडकायला लागलं. पोळ्याला तो डोक्याच्या वर गेला, घरातली रेंज गेली. मग अंगणातली गेली. मग द्वारकाबाई मला घेऊन बांधावर जायच्या, चिंधीनं बाभळीला बांधायच्या आणि उन्हात उभ्या राहून बोलायच्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसायचं, की एक बाई झाडाशी हातवारे करतेय. तातेरावांच्या बायकोनं एकदा विचारलंही, बाहेरचं काही लागलं का म्हणून. द्वारकाबाई म्हणाल्या, लागलंय तर. लेकीचं.

कारभारी मला घेऊन पुन्हा वडीगोद्रीला गेले. धम्मपालनं टोमणा मारला नाही. हा ठेवा, तो न्या, वरचा फरक सावकाश द्या, इतकंच म्हणाला. तो नवा फोन अजून काचेच्या कपाटात होता. कारभारींनी त्याच्याकडे बघितलं, किमतीच्या चिठ्ठीकडे बघितलं, आणि हिशोब मांडला. ऊस काय जन्मभर उभा राहणार आहे? तोड आली की रान मोकळं, रेंज मोकळी. चार-पाच महिन्यांसाठी दुप्पट किंमत मोजणारा माणूस शहाणा म्हणावा का? हिशोबात चूक नव्हती. त्यात फक्त द्वारकाबाई धरल्या नव्हत्या.

दिवाळीला वंदना आली नाही, दिवस भरत आले होते. मार्गशीर्षात तिला सासरीच मुलगी झाली, दवाखाना तिकडं जवळ म्हणून. द्वारकाबाईंनी नात पाहिली ती बाभळीला बांधलेल्या माझ्या काचेत, पायाच्या टाचा उंचावून, जणू टाचा उंचावल्या की नात जवळून दिसेल. पौषात त्यांना धाप लागायला लागली. अंबडच्या डॉक्टरनं जालन्याला पाठवलं, जालन्याच्या डॉक्टरनं हृदय थकलंय म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. आता बांधापर्यंत जाणं संपलं. त्या खाटेवर होत्या आणि घराच्या चारी बाजूंनी ऊस उभा होता. कारभारींच्या उसाची तोड माघ संपताना ठरलेली होती. ती तेव्हाच येणार होती.

एका दुपारी त्यांनी कारभारींना सांगितलं, वंदनाला लावा.

कारभारींनी मला लावलं. दाराशी, पत्र्याच्या फटीजवळ, रेंजची एक काडी येत-जात होती. ते दारात उभे राहिले, हात लांब करून मला खाटेकडे तोंड करून धरलं. बराच वेळ माझ्या काचेवर नुसतं चक्र गोल गोल फिरत राहिलं. मग वंदना आली. मांडीवर तान्ही होती. तिनं फुलीला बोट लावलं, आणि तिथंच ते चित्र थिजलं.

द्वारकाबाईंना ते कळलं नाही. लेक मन लावून बघतेय, असं त्यांना वाटलं. त्या सावकाश बोलायला लागल्या. हात मधे मधे उशीवर टेकत होते. मिशीवरून बोट. मग एक बोट एकटंच उभं. मग दोन्ही हात पुढे, आमच्या घरातल्या भाषेतलं 'बोलणं'.

मी सगळं बघितलं, मित्रांनो. त्या म्हणाल्या, माझ्यामागं बाप एकटा पडंल. त्याला आपल्यासारखं हातानं बोलायला शिकव. हट्टी हाय, पहिल्यांदा ऐकणार न्हाई, चिडू नको.

एवढं माझ्या डोळ्यांत आलं आणि पोटात अडकून राहिलं. पुढे गेलं नाही. मला त्या लांबच्या टॉवरची पट्टी धरता येत नव्हती.

आपल्या मिशीची खूण कारभारींना ओळखू आली. ते मला धरूनच म्हणाले, "माझ्या चाड्या सांगून राह्यली का?"

"तुमचंच सांगून राह्यले," द्वारकाबाई हसल्या. दमल्या होत्या.

"काय ते?"

"तिला कळलं. ती सांगंल तुमाला."

दुसऱ्या दिवशी पहाटे द्वारकाबाई गेल्या.

वंदना आली, कडेवर तान्ही घेऊन. पिंपळगावहून भोकरदन, तिथून जालना, तिथून अंबड, अशा गाड्या बदलत. ती पोचली तेव्हा सगळे तिच्यासाठीच थांबले होते. आईचे हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवलेले होते. तिनं ते हातात घेतले आणि बराच वेळ उलटेसुलटे करून बघितले.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर भागवतनं विषय काढला. वंदना त्याच्या शेजारी बसून सासरा-जावयाच्या ओठांकडे बघत होती.

"मामा, आदल्या दिशी आई काय म्हणत व्हत्या? चित्र अडकलं व्हतं. वंदना विचारून राह्यली."

कारभारींनी मला खिशातून काढलं, जणू मी सांगेन. मग पुन्हा खिशात ठेवलं.

"फोन म्याच धरला व्हता," ते म्हणाले. "तिचे हात सगळे दिसत व्हते मला."

भागवतला हे वंदनाला हातांनी कसं सांगावं ते कळेना. त्यानं सांगितलंच नाही.

तर मित्रांनो, फोन घ्यायचा तर जरूर घ्या. स्पीड बघा, किंमत बघा, दोन्हींचा मेळ घाला. पण तपासायचा तर रान भरलेलं असताना तपासा, आणि घरातला माणूस जिथं आजारी पडून राहील त्या कोपऱ्यात उभे राहून तपासा. माझी काच मऊ फडक्यानं पुसा, मला उन्हात ठेवू नका. आणि तुमच्या घरात कोणी हातांनी बोलत असेल, तर ती भाषा फोन घेण्याच्या आधी शिका. तिला रिचार्ज लागत नाही. मला हे तेव्हा सांगता आलं नाही, आता तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकी कोणी अंकुशनगरकडे गेलंच तर कारभारींना सांगा.

माघ संपता संपता तोडीची टोळी आली आणि ऊस गेला. आता रोज तिसऱ्या प्रहरी वंदना कॉल करते. कारभारी मला डब्याला टेकवतात आणि समोर बसतात. हात तोंडाकडे नेऊन जेवलीस का विचारतात. ती मान हलवते आणि तेच विचारते. तेही मान हलवतात. ती मुलीला पुढे धरते. पुढे काय करावं ते न सुचून कारभारी मला उचलून बैल दाखवतात आणि बंद करतात.

कॉल दोन-तीन मिनिटं चालतो. चित्र कुठंही अडकत नाही.