पाटलांची सर्दी

तुमसरात ब्लाउज शिवणाऱ्या करुणाच्या घरी एक ससा होता. नाव पाटील. कामधाम काही नाही, दिवसभर शिलाई मशीनखाली ऐटीत बसायचं आणि कोथिंबीर यायला उशीर झाला की पाय आपटायचा, म्हणून पाटील. सासू मंदाबाई तोंडानं त्याला शिव्या द्यायची आणि हातानं गाजर.

एका सकाळी पाटलांनी कोथिंबिरीकडे बघितलंच नाही. नाक ओलं, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, मान वर करून तोंडानं श्वास चालला होता. आदल्या संध्याकाळी याच प्राण्यानं गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही कुरतडली होती! करुणानं त्याला टोपलीत घातलं आणि स्कूटी थेट डॉक्टर योगेंद्रच्या दवाखान्यात नेली. दवाखान्याच्या पाटीवर गाय, म्हैस, कुत्रा, पोपट रंगवलेले होते. ससाही होता, जरासा गाढवासारखा.

डॉक्टरांच्या कानाला फोन होता. पलीकडे कोणाची तरी म्हैस अडली होती. फोन खांद्यानं दाबून त्यांनी पाटलांना टेबलावर उताणं केलं.

"सर्दी हाय, बाई. इंजेक्शन देतो, संध्याकाळी उड्या मारते पाहा."

"डॉक्टरसाहेब, त्याले श्वास घेता येऊन नाही राहिला..."

"सर्दीत कोणाले येते?"

इंजेक्शन टोचलं. पाटलांनी एकदा पाय झाडले आणि ते तिथंच, म्हशीची चौकशी चालू असताना, गेले.

"हार्ट अटॅक," डॉक्टरांनी निदान बदललं. "नाजूक जात. तुम्ही उशीर केला."

घरी मंदाबाईनं दारातूनच हंबरडा फोडला, "पाटील गेले वो!" शेजारची सुलोचनाबाई धावत आली, डोक्यावर पदर घेऊन बसली आणि बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "कोणते पाटील?" कळल्यावर उठली. "अव्वा बाई, ससा! त्याचं तर लोकं मटण करतेत." पण जाताना तिनंच परसातली कुदळ काढून दिली.

'उशीर केला' हा शब्द करुणाच्या डोक्यातून जाईना. तिनं नागपूरच्या, ससे-पोपट बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या खरं तेच बोलल्या. न्यूमोनिया असावा, वाचलाच असता असं सांगता येत नाही. पण ससा नाकानंच श्वास घेतो, तोंड उघडलं म्हणजे जिवावर बेतलेलं असतं. अशाला उताणं करायचं नसतं, आधी ऑक्सिजन द्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात उभी राहिली. बाकावर बकरीवाले, कोंबडीवाले बसले होते.

"त्याले उताणा काहून केला?"

"गूगल वाचून आल्या का, मॅडम?"

"नागपूरच्या डॉक्टरीणबाईले विचारून आली."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "हे पाहा, मी म्हशी-बैलं पाहतो. सस्याचा मले अनुभव नाही."

"मंग पाटीवर कायले रंगवला?"

"पेंटरनं काढला."

"आन् मले काल काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरीकडे गेल्या असत्या."

"होऽ! गेलीच असती!"

बाकावरचे वासुदेवराव आपल्या बकरीच्या गळ्यातली दोरी धरून तिला जवळ ओढत म्हणाले, "डॉक्टर, बकरीचं तरी येते ना तुमाले?"

कोणी तरी फिसकन हसलं. डॉक्टर थर्मामीटर पुसत बसले. ते आधीच स्वच्छ होतं.

करुणा बाहेर आली. स्कूटीची किल्ली लावली, पण सुरू केली नाही. कालपासून न आलेलं रडू तिला तिथं, भर रस्त्यात, भाजीच्या गाडीसमोर आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.