मिठाची पुरचुंडी

माझ्या मुलाला, दिपेशला, नुसतं पडून राहायचं काम दिलं तरी ते धड जमत नाही. डोळ्यांवर गरम फडका ठेवून दहा मिनिटं पडायचं, एवढंच. हा फडक्याचा कोपरा उचलतो आणि एका डोळ्याने मोबाईल बघतो.

दिपेश बंदरावर ट्रेलर चालवतो. गेटवर रांगेत मोबाईल, घरी आला की पुन्हा मोबाईल. डोळे लाल, कोरडे, वाळू गेल्यासारखे खुपणारे, समोरचं अक्षर धूसर. गुरुवारी कंपनीत डोळे तपासणार होते. नापास झाला तर ट्रेलरवरून खाली. उरणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने सकाळ-संध्याकाळ शेका, आणि मोबाईल बघताना पापण्या मिटत जा. पापण्या मिटायला डॉक्टर लागतो, हे मला तेव्हा कळलं.

सून कल्पिता शिकलेली. घड्याळ लावून फडका ठेवायची. दोन मिनिटांत तो गार.

"ओल्या फडक्यात ऊब ऱ्हाते होय?" मी म्हटलं. "शेक म्हंजे मीठ."

"आई, डॉक्टरांनी मीठ नाही सांगितलं."

"डॉक्टरचा बाप मिठागरात व्हता काय?"

आमचं मिठागर होतं तेव्हापासून घरात गुडघा, कान, छाती, सगळं तव्यावर तापवलेल्या जाड्या मिठानेच शेकलंय. रविवारी कल्पिता अंघोळीला गेली तशी मी मीठ तापवलं, तिच्याच फडक्यात बांधलं, हाताला लावून ऊब बघितली आणि पुरचुंडी दिपेशच्या डोळ्यांवर ठेवली. फडका ओला होता. ओल्यात मिठाचं काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. तरी ठेवली.

दिपेश असा ओरडला की शेजारची गोदू भाकरी तव्यावर सोडून धावत आली.

"आये, आंधळा करतेस काय!"

"मीठ लागलं जरा," मी गोदूला म्हटलं.

कल्पिताने तांब्यावर तांबे ओतून त्याचे डोळे धुतले. माझ्याकडे बघितलं नाही. मी तवा घासून ठेवला.

त्यानंतर मी नुसती मिठाच्या बरणीकडे वळले तरी दिपेश साधा फडका घेऊन डोळे गच्च मिटून पडायचा. दहाची पंधरा मिनिटं. मोबाईल उशीखाली.

गुरुवारी पास झाला. पेढे आणले.

"आये, तुझं मीठच लागू पडलं."

मी नाही म्हटलं नाही. पेढा खाल्ला. कल्पिता खोकली.

संध्याकाळी बघते तर हा पंख्याखाली, हातात मोबाईल, डोळे टक्क उघडे. मी समोर जाऊन उभी राहिले.

"दिपेश, मीठ न्हाय लागू पडलं. मी चुकले व्हते, कल्पिताचा फडकाच बरोबर. पन तुझा आजा खाडीचं पानी उघड्यावर पसरून आटवायचा, तवा मीठ व्हायचं. उघडं पानी वाऱ्यानं आटतं, येवढं आगऱ्याच्या पोराला कळत न्हाय? आपलं मिठागर गेलं ते गेलं. डोळ्यांत नवं काढू नको. मीट ते."