चौतीस सेंटिमीटर

"मीटरभरावरून फेकला असं लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब फोनवर म्हणाले. "चारपर्यंत अहवाल हवाय."

"मीटरभर कशावरून?"

"बाई, तीन साक्षी आहेत! वाचा की."

तिने त्या सकाळपासून पाच वेळा वाचल्या होत्या. रक्ततपासणीच्या यंत्राचा अठरा किलोचा खोका गोदामात उतरवताना आतली काचेची नळी फुटली. उतरवणारा लोडर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. त्याने खोका फेकला, हा आरोप. सिद्ध झाला तर आजच घरी. मुकादमाने जबाब इंग्रजीत उतरवले होते. एकाच्या म्हणण्याप्रमाणे खोका 'चक' केला, दुसऱ्याच्या मते 'टॉस', तिसऱ्याच्या मते 'डम्प'. चौथा शब्द मुकादमाचा स्वतःचा होता, 'फ्लिंग', म्हणजे भिरकावला, आणि त्याखाली दोन रेघा.

"ती माणसं इंग्रजी बोलतात?" तिने विचारलं.

"छे हो. तिघंही 'टाकला' एवढंच म्हणाले. मुकादमाचं इंग्रजी चांगलं आहे."

तिने फोन ठेवला. पॅकिंग तपासणीच्या या प्रयोगशाळेत गेली एकोणीस वर्षं ती वस्तू मोजूनमापून पाडत आली होती; बाकीचे लोक तिच्या खोलीला आदळआपट खातं म्हणत. या चार शब्दांपैकी एकालाही उंची नव्हती, आणि तेवढ्यानेच तिला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. तसल्याच तीन नमुना खोक्यांपैकी एक तिने मीटरभरावरून पाडून पाहिला होता. त्याचा पुठ्ठा तळाशी पार चेपला. फुटलेल्या खोक्याचा तळ मात्र कोरा करकरीत होता.

तिने लोडरलाच बोलावून घेतलं. तो दारात चपला काढू लागला.

"असू द्या काका, हे काही देऊळ नाही."

"सवय हो, ताई. फरशी इतकी स्वच्छ आहे." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मी फेकला नाही. ठेवला. छत्तीस वर्षं ठेवतोच आहे."

"मग तसाच ठेवून दाखवा." तिने तेवढ्याच वजनाचा खोका गाड्यावर चढवला. आत हालचाल नोंदवणारा रेकॉर्डर होता. वस्तू हातात असली की पडद्यावर त्याची रेघ एकच्या आसपास राहते; सुटली की शून्यावर येते. शून्यावर किती वेळ राहिली त्यावरून उंची निघते. यात साक्षीदार लागत नाही.

त्याने खोका उचलला, वळला आणि तान्ह्या बाळाला निजवावं तसा लोखंडी पाटावर ठेवला. तीनदा. रेघ एकदाही शून्याकडे गेली नाही.

"काका, रोज ठेवता तसा."

"रोज असाच ठेवतो."

ती टेबलापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. पाहिलं जात असताना कुणीच वस्तू टाकत नाही, हे शिकायला प्रयोगशाळा लागत नाही. सव्वातीन झाले होते.

"बरं, झालं काम. तेवढा खोका त्या भिंतीशी ठेवून द्या."

रेकॉर्डर तिने बंद केला नव्हता. विसरली नव्हती.

"हात्तिच्या, एवढ्यासाठी बोलावलंत होय!" त्याने खोका उचलला, गप्पा मारतच भिंतीपाशी गेला, वाकला. धप्प. त्याला तो आवाज ऐकूही आला नसावा. पडद्यावर रेघ शून्याला टेकून वर आली. पाव सेकंदाहून जरा जास्त.

चौतीस सेंटिमीटर.

तिने उरलेले दोन्ही नमुने चौतीसवरून सपाट पाडले. दोन्ही वेळा आतून काच खुळखुळली, आणि दोन्ही तळ कोरे राहिले. बनवणाऱ्यांनी तर खोक्यावर छापलं होतं की साठपर्यंत धोका नाही.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही फेकला नाहीत. पॅकिंग कच्चं आहे."

"मी तेच सांगत होतो! ठेवला."

"ठेवलात. पण शेवटचे चौतीस सेंटिमीटर तो एकटाच गेला, काका."

तो हसायला गेला आणि थांबला. डावा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला.

"दिसतं होय त्यात?" तो पडद्याजवळ सरकला. "दोन वर्षं झाली. खांदा तिथवर येतो आणि पुढे सोडतो. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही." मग हलक्या आवाजात म्हणाला, "फेकला म्हटलं तरी काढतील, खांदा गेला म्हटलं तरी काढतील. ताई, तेवढं लिहू नका."

ती लिहायला बसली. उंची: चौतीस. छापील हमी: साठ. दोष: पॅकिंगचा. 'कृती' या रकान्यापाशी पेन थांबलं. फोन वाजला.

"फेकला की नाही, एका शब्दात सांगा," साहेब म्हणाले.

"चौतीस."

"अहो, हा काय शब्द झाला?"

"माझ्याकडे एवढाच आहे." तिने फोन ठेवला आणि रकान्यात लिहिलं: खाली ठेवताना सुटला. का सुटला, ते फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. खांदा मोजायचं यंत्रही या खोलीत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही सही करताना तिला त्या पुरेशा वाटल्या नाहीत.

"काका, तो खांदा डॉक्टरला दाखवा. माझ्यासाठी नव्हे."

तो वळला. भिंतीशी गेला. मघाचा खोका वाकडा पडला होता. त्याने एक गुडघा फरशीवर टेकला, डावा हात खोक्याखाली घातला, छातीशी धरून तो उचलला आणि सरळ करून अगदी खालपर्यंत नेला. बोटं एकेक करून काढून घेतली.

पडद्यावर रेघ एकवरच राहिली. त्यात फक्त बारीक थरथर होती. ती थांबेपर्यंत तिने रेकॉर्डर चालू ठेवला.