उजवीकडची जागा

राजनंदिनीनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि शेजारी बसलेल्या शिवकांताला विचारलं, "आपण जिंकलो ना?"

"जिंकलो की. आत्ताच तर सांगितलं तुला."

"कधी?"

शिवकांतानं पाण्याची बाटली खाली ठेवली. राजनंदिनी चेष्टा करत नव्हती. धाराशिवच्या मैदानावर दुसरी उपांत्य लढत सुरू झाली होती आणि ती तिकडं डोळे बारीक करून, ऊन लागल्यासारखी बघत होती. ऊन तर पाठीमागं होतं.

उमरग्याच्या कॉलेजात मुलींचा रग्बीचा संघ उभा राहिल्याला हे दुसरंच वर्ष. क्रीडाशिक्षक रेवणसिद्ध सर मूळचे कबड्डीचे. पुण्यातल्या एका शिबिराहून ते दोन्हीकडं निमुळता असा लांबट चेंडू घेऊन आले, तेव्हा खो-खोच्या मुली तो हातोहात फिरवत पोट धरून हसल्या होत्या. चेंडू घेऊन पळायचं पुढं, पण फेकायचा मागं, हे डोक्यात शिरायला बरेच दिवस गेले. पळणारीला कमरेला मिठी मारून पाडायचं, हे मात्र शिकवावं लागलं नाही. पहिल्या वर्षी एकही सामना जिंकता आला नाही. या वर्षी पावसाळ्यातच सराव सुरू झाला. मैदानावरचे काटे वेचायचे आणि मग पळायचं. हायवेवरचे ट्रकवाले चहा पिता पिता कुंपणाशी उभे राहून बघायचे. दिवाळीनंतर अचानक सगळं जमून आलं, आणि जमलं ते बरंचसं राजनंदिनीमुळं. उजव्या कडेनं ती चेंडू घेऊन सुटली, की बाकीच्या मुली पळायच्या थांबून बघतच राहायच्या.

त्याच उजव्या जागेची राखीव खेळाडू म्हणजे शिवकांता. सामना हातात आला, की शेवटची काही मिनिटं सर तिला आत पाठवायचे. सुट्टीला ती तामलवाडीला घरी गेली, की आई, कमलबाई, धुवायला घेतलेली जर्सी उलटीपालटी करून म्हणायची, "ही तर मळलीच न्हाय." दोघी हॉस्टेलात एकाच खोलीत राहायच्या. राजनंदिनीचं घर तेरजवळच्या एका वस्तीवर. दोघींचा डबा एकच असायचा, केसांना लावायचं तेलही एकच.

त्या दुपारी सामना संपत आला असताना समोरच्या मुलीनं राजनंदिनीला पाडलं आणि तिचं डोकं टणक जमिनीवर आपटलं. सगळ्यांनी ते बघितलं. ती लगेच उठली, कडेला उभ्या असलेल्या सरांना तिनं अंगठा दाखवला आणि पुन्हा पळायला लागली, हेही सगळ्यांनी बघितलं.

मुक्कामाला एका शाळेचे वर्ग मिळाले होते. दिवेलागणीला राजनंदिनी नळामागं जाऊन ओकली. शिवकांतानं तिचे केस मागं धरले, तोंडावर पाणी मारलं.

"सरांना सांगू या," ती म्हणाली.

"नको." राजनंदिनीनं ओढणीनं तोंड पुसलं. "उद्या निवडसमिती बसणार हाय. विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर अप्पा पुढं काय बोलणार न्हाईत. न्हाय आलं तर हे वर्ष शेवटचं. तसं सांगूनच सोडलंय त्यांनी मला."

"पर तुझं डोकं..."

"एक फायनल खेळू दे. मग महिनाभर झोपून राहते." ती थांबली. मग शिवकांताकडं न बघता म्हणाली, "का, तुलाच खेळायचंय?"

शिवकांतानं नळ बंद केला. तो नीट बंद होत नव्हता, म्हणून पुन्हा पिळला.

"तसं न्हाय म्हणायचं मला," राजनंदिनी म्हणाली. तिनं भिंतीला हात टेकला, थोडा वेळ डोळे मिटले आणि उघडून सहज विचारलं, "शिवे, आज आपण जिंकलो ना?"

शिवकांतानं तिला वर्गात नेऊन गादीवर निजवलं आणि ती बाहेर आली.

रेवणसिद्ध सर व्हरांड्यात केळ्यांचे घड सोडवत बसले होते. तिनं सांगितलेलं सगळं त्यांनी मध्ये काही न विचारता ऐकून घेतलं.

"तिच्या जागी कोण खेळणार, ठाऊक आहे ना?"

"व्हय, सर."

"मुली काय बोलतील, तेही?"

"व्हय."

सरांनी केळी खाली ठेवली आणि चपला घातल्या. "आत जाऊन बस. तू मला भेटलीच नाहीस."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राजनंदिनीला दोन दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. डोक्याला आतून मार बसला होता, त्यावर लगेच दुसरा बसला असता तर काही सांगता आलं नसतं. आपण परवानगी देईपर्यंत मैदानात उतरायचं नाही, असंही ते म्हणाले. परत आल्यावर सरांनी सगळ्या मुलींना गोळा केलं. "ती पडली तेव्हाच मला शंका आली होती," ते म्हणाले. "उशीर माझ्याकडून झाला."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना शिवकांता पहिल्यापासून खेळली. एकदा ती कडेनं सुटून थेट रेषेपार गेली, चेंडू जमिनीला टेकवला आणि उठून पहिल्यांदा बाकाकडं बघितलं. राजनंदिनी तिथं डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. ती टाळ्या वाजवत होती. सामना थोडक्यात हातचा गेला. विद्यापीठाच्या संघात उमरग्याच्या दोघींची नावं आली. त्यात कॉलेजच्या संघाची कर्णधार प्रतीक्षा होती. राजनंदिनी नव्हती, शिवकांताही नव्हती.

परतीच्या गाडीत नळदुर्ग मागं पडलं तरी कुणी गाणं म्हटलं नाही. राजनंदिनीनं शिवकांताच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"सरांनी घात केला माझा," ती हळूच म्हणाली. "तू तरी गप बसलीस. ते काय कमी हाय?"

शिवकांता खिडकीबाहेर बघत राहिली. खांदा तिनं हलवला नाही.

चार दिवसांनी राजनंदिनीचे वडील उत्तरेश्वर आणि आई हरणाबाई कॉलेजात आले. क्रीडा विभागाची खोली लहान. चेंडूंची जाळी ठेवायला आलेली शिवकांता दारातच अडकली. उत्तरेश्वर खुर्ची दिलेली असूनही उभे होते. राजनंदिनी खिडकीशी उभी होती.

"पोरगी पडली तवाच तुमाला शंका आली होती म्हणं," ते सरांना म्हणाले. "तुमच्याच तोंडचं सांगितलं हिनं. मग खेळूच कशी दिली पुढं? आमची पोरगी म्हंजी काय वाटली तुमाला? आमी आत्ता प्राचार्यांकडं चाललोय."

सर मान खाली घालून ऐकत होते. टेबलावरची शिट्टी त्यांनी उचलली, पुन्हा ठेवली. "चूक झाली माझी," एवढंच म्हणाले.

शिवकांतानं जाळी खाली ठेवली.

"सरांना तेव्हा काय ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "नंदी तर उठून पळत होती. संध्याकाळी म्या सांगितलं त्यांना. कळल्याबरोबर घेऊन गेले ते दवाखान्यात."

राजनंदिनीनं खिडकीकडून मान वळवली.

"तू कोण गं?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"शिवकांता. तामलवाडीची. हिच्याच जागेवर खेळते."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, हे ते बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. राजनंदिनी तिच्या अंगावरून, तिला धक्का न लागू देता, खोलीबाहेर गेली. हरणाबाईंनी लेकीच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघितलं आणि मग शेजारचं स्टूल पुढं ओढलं.

"बस की बाई," त्या शिवकांताला म्हणाल्या. "उभी का?"

संध्याकाळी हॉस्टेलात शेजारची गादी रिकामी होती. राजनंदिनीनं प्रतीक्षाच्या खोलीत सामान हलवलं होतं. तेलाची बाटली तेवढी खिडकीत ठेवून गेली होती. संघातल्या दोघीतिघी शिवकांताशी बोलायच्या बंद झाल्या. जेवताना ती कडेला बसू लागली.

उत्तरेश्वर प्राचार्यांकडं गेले नाहीत. हा खेळ बंद, असंही ते म्हणाले नाहीत. प्रतीक्षाकडून शिवकांताला कळलं ते एवढंच, की घरी यावरून दोन दिवस बोलणं चाललं आणि शेवटी हरणाबाई म्हणाल्या, "खेळू दे. तिथं हिच्याकडं बघणारं कुणीतरी हाय."

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली. राजनंदिनी मैदानात आली त्या दिवशी सरांनी दोन बाजू पाडल्या आणि तिला शिवकांताच्या समोरच्या बाजूला घातलं. चेंडू हातात आला तशी ती कडेनं न जाता सरळ शिवकांतावर चालून आली. शिवकांता वाकली, हात पुढं गेले आणि ऐनवेळी सैल पडले. राजनंदिनी त्या हातांमधून निघून गेली.

चेंडू टेकवून ती माघारी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"धरायला येत न्हाय का तुला?"

"तुझं डोकं..."

"डोकं माझं हाय. डॉक्टरनं सोडलंय मला. तू कंबर धर."

सरांनी शिट्टी ओठांशी नेली होती, ती त्यांनी वाजवली नाही. राजनंदिनी मागं जाऊन उभी राहिली आणि पुन्हा आली, आधीपेक्षा जोरात. या वेळी शिवकांतानं खांदा घातला, कमरेला घट्ट मिठी मारली आणि दोघी धाडकन मातीत पडल्या. चेंडू घरंगळत कुंपणापर्यंत गेला.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. राजनंदिनी उताणी पडली होती. पडता पडता शिवकांताचा एक हात सुटून तिच्या डोक्याखाली गेला होता आणि तिथंच राहिला होता. त्याची बोटं खरचटली होती.

राजनंदिनी आभाळाकडं बघत राहिली. मग मान जराही न उचलता म्हणाली, "असा हात घालत राहिलीस तर बोटं मोडून घेशील, शिवे."