गोळीचे खांदे

लाइल पहाटेच रायफल घेऊन डोंगराकडे गेला होता आणि त्याची बायको आर्डिस गॅरेजमधल्या बाकापाशी कॉफी पीत कालचा पसारा आवरत होती. एल्कच्या, त्या थोरल्या शिंगाळ्या हरणाच्या, शिकारीचा मोसम आज उघडला होता. लाइलला दुकानातली काडतुसं कधी चालली नाहीत. त्याच्या बापाच्या त्या जुन्या रायफलीला आर्डिसनं हातानं भरलेलीच लागायची. पुंगळी साफ करायची, दारू मापून ओतायची, तोंडाशी गोळी बसवायची, एवढंच काम. पण गोळी किती आत दाबायची, यात बाईची सगळी करामत होती. रायफलीच्या मागची खीळ, म्हणजे बोल्ट, लावला की गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांपासून केसभर अलीकडे थांबली पाहिजे, असा तिचा हट्ट. त्यामुळे निशाणाच्या कागदावर भोकं एकात एक पडायची आणि आसपासचे शिकारी वरवर तिची थट्टा करत आतून जळायचे.

तिचाही तोरा काही कमी नव्हता. लाइल संध्याकाळी परतला की दारातच चौकशी सुरू: किती झाडल्या, कुठे गेल्या? एखादी चुकली असेल तर "गोळी माझी होती, नेम तुझा" हे जेवण संपेपर्यंत ऐकायचं. बिचारा मुकाट्यानं ताटातले बटाटे चिवडत बसायचा. त्यात त्याला डोळा एकच. कुंपणाची काटेरी तार ताणताना तुटली आणि डावा डोळा घेऊन गेली. तेव्हापासून तारेचं नाव काढलं तरी आर्डिसच्या अंगावर काटा यायचा. तार ओलांडण्याआधी बोल्ट उघडायचा, काडतूस बाहेर काढायचं, मगच पाय टाकायचा, हे तिनं त्याच्याकडून शपथेवर कबूल करून घेतलं होतं.

यंदा तिच्या नेहमीच्या गोळ्या मिळाल्याच नाहीत. दुसऱ्या बनावटीच्या मिळाल्या, वजन तेच, पण हातात पडल्या त्या काल दुपारी. तिनं घाईघाईनं भरल्या. टोकापासून बुडापर्यंत लांबी मोजली, जुन्या काडतुसाइतकीच आली, झालं समाधान. एरवी ती आधी चार झाडून बघायची. काल अंधार पडला म्हणून तेवढं राहिलं.

आता डब्या आवरताना एका हातात जुनी उरलेली गोळी आली आणि दुसऱ्या हातात नवी. सहज म्हणून तिनं दोन्ही बाकावर शेजारी उभ्या केल्या. जुनी टोकापासून हळूहळू जाड होत गेलेली. नवीचे खांदे मात्र टोकाच्या खाली लगेचच भरलेले, पोत्यासारखे.

आर्डिसनं दोन्हींच्या खांद्यांवरून नख फिरवलं. टोकाशी लांबी जुळवून काय चाटायचंय? नळीत आधी टेकतो तो खांदा. म्हणजे या गोळ्या आट्यांच्या अलीकडे थांबणार नव्हत्या, आट्यांत रुतून बसणार होत्या. रुतलेली गोळी चटकन सुटत नाही, मग सगळा जोर मागे येतो. वर या शहाणीनं दारूही रायफलीला सोसेल तितकी, अगदी काठावर भरलेली. आणि त्या जुनाट बोल्टमागे गाल टेकवून बसणार कोण, तर लाइल, आपला उरलेला डोळा घेऊन.

तिनं फोन लावला. तो स्वयंपाकघरातच वाजला. विसरभोळ्या, मेल्या, असं पुटपुटत ती किल्ली घेऊन धावली आणि पिकअप गोठलेल्या रस्त्यावरून अशी हाणली की मागची रिकामी पिंपं आदळत राहिली. देवा, आज त्याला काही दिसू देऊ नकोस, असं ती घोकत होती. शिकाऱ्याच्या बायकोनं मोसमाच्या पहिल्या दिवशी असलं मागणं मागावं!

पायथ्याच्या फाटकाशी उतरून तिनं कडी काढली आणि त्याच क्षणी डोंगरावरून बार ऐकू आला. एकच.

तिचे हात कडीवरच राहिले. दुसरा बार आला असता तर पहिल्यातून तो वाचला असं समजून तिला हायसं वाटलं असतं, पण आला नाही. ती बर्फातल्या त्याच्या पावलांमागे चढत सुटली. वरच्या कुंपणापाशी एका आडव्या ओंडक्यावर नारिंगी जाकीट दिसलं. पाठमोरं, मान खाली घातलेलं, हालचाल नाही.

"लाइल!"

त्यानं वळून पाहिलं. चेहरा धड होता, डोळा धड होता. आणि तो रागानं नुसता धुमसत होता.

"गोळी नळीतच राहिली तुझी," तो म्हणाला. "तार ओलांडायची म्हणून काडतूस काढलं, तर नुसती पुंगळी हातात आली. दारू सगळी आत सांडली. मी इथं काडीनं कोरत बसलोय आणि शेजारच्या क्लेटसनं पलीकडून एका बारात एल्क पाडला."

आर्डिस त्याच्यापाशी बर्फातच बसली. मग तिनं सगळं सांगून टाकलं: खांदे, घाई, न घेतलेली चाचणी, काठावरची दारू. एक शब्द लपवला नाही. लाइल म्हणाला की सकाळी बोल्ट लागताना घट्ट वाटला होता खरा, पण थंडीनं तेल गोठलं असेल म्हणून त्यानंच तळव्यानं ठोकून बसवला.

तिला एक विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती.

"तारेच्या अलीकडून दिसत होता तो एल्क?"

"न दिसायला काय झालं? चापावर बोट ठेवून बसलो होतो."

"मग झाडली का नाहीस?"

लाइल जरासा ओशाळला.

"लांब होता गं. चुकली असती तर रात्री जेवताना तू माझं डोकं खाल्लं असतंस. म्हटलं, तार ओलांडून जवळ जावं."

आर्डिसला आधी हसू फुटलं आणि मग ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, जाकिटाला नाक पुसत, लाज सोडून. तो जाड हातमोज्यानं तिची पाठ थोपटत राहिला. रडणं थांबल्यावर तिनं हात पुढे केला आणि त्यानं खिशातली उरलेली काडतुसं काढून तिच्या ओंजळीत घातली. तिनं ती मोजली नाहीत.